कोर्टाची पायरी

शहाण्या माणसाने कोर्टाची पायरी चढू नये, अशी एक म्हण मराठी भाषेत फार दिवसांपासून रूढ आहे. घराघरांतील वडीलधारी माणसे ती लहानांना ऐकवीत आली आणि ती लहान मुले मोठी झाल्यावर आपल्या मुलांना ऐकवू लागली. म्हणी उगाच जन्माला येत नाहीत. समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जे सोसलेले असते, त्याचाच अर्क म्हणीत उतरतो. बांधावरच्या हातभर जमिनीसाठी दोन भावांनी दावा लावावा, तारखांमागून तारखा पडाव्यात, तालुक्याच्या गावी हेलपाटे घालता घालता वहाणा झिजाव्यात आणि निकाल लागेपर्यंत ज्या जमिनीसाठी एवढा खटाटोप केला ती जमीनच गहाण पडावी, असे प्रसंग ज्यांनी डोळ्यांनी पाहिले, त्यांच्या तोंडून ही म्हण निघाली असली तर त्यात नवल ते काय?

तथापि या म्हणीची दुसरी बाजू सहसा कोणी पाहत नाही. ती जशी सोसणाऱ्याच्या तोंडी असते, तशीच ती अन्याय करणाऱ्याच्याही सोयीची असते. मजुरी बुडविणारा मुकादम, अनामत रक्कम परत न देणारा घरमालक, मापात मारणारा दुकानदार, या सर्वांना मनातून ठाऊक असते की, समोरचा मनुष्य कोर्टाची पायरी चढणार नाही. म्हणून तर त्यांचे धारिष्ट वाढते.

आणि ज्यांना आपण शहाण्यांतले शहाणे मानतो, त्यांनी ही पायरी टाळली होती काय? महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली सत्याग्रह केला. हे तळे सार्वजनिक नव्हेच, असे म्हणत विरोधकांनी त्याच वर्षी न्यायालयात दावा लावला. बाबासाहेब तो दावा नेटाने लढले. खालच्या न्यायालयातून वरच्या न्यायालयात प्रकरण गेले आणि १९३७ च्या मार्च महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. कोर्टाची पायरी त्यांनाही चढावी लागली, पण ती चढताना त्यांचे पाय लटपटले नाहीत. कारण त्या पायरीवर काय लिहिले आहे, हे त्यांना वाचता येत होते. खरा प्रश्न पायरीचा नाही. ती चढणाऱ्याच्या ठायी कायद्याचे ज्ञान आहे की केवळ भय आहे, हा खरा प्रश्न आहे.

कायद्याचा एक नियम मोठा कठोर आहे. ‘मला हा कायदा माहीत नव्हता’ ही सबब न्यायालय ऐकून घेत नाही. देशातील प्रत्येक मनुष्याला देशाचा कायदा ठाऊक आहे, असे गृहीत धरूनच न्यायदानाचे काम चालते. असे गृहीत धरणे भागच आहे. नाही तर प्रत्येक अपराधी अज्ञानाची ढाल पुढे करील. पण हे गृहीतक आणि वस्तुस्थिती यांत केवढे अंतर आहे! कायद्याची पुस्तके शेकड्यांनी आहेत. त्यांतील भाषा अवघड आहे. सामान्य मनुष्याला ती पुस्तके कोणी कधी दाखविलेली नसतात, मग समजावून सांगणे तर दूरच. ज्या विषयाचा एकही धडा वर्गात शिकविला नाही, त्याच विषयाची परीक्षा घ्यावी आणि नापास झालेल्याला शिक्षाही करावी, तसाच हा प्रकार झाला. म्हणून जे राज्य आपल्या नागरिकांकडून कायद्याच्या ज्ञानाची अपेक्षा करते, त्याने ते ज्ञान त्यांच्या दारापर्यंत पोचविणे हे त्याचे कर्तव्यच ठरते. कायद्याचे विनामूल्य वर्ग या कर्तव्याच्या जाणिवेतून निर्माण झाले आहेत. त्यांना कोणी दानधर्म म्हणू नये. ती एका जुन्या ऋणाची फेड आहे.

मुंबईच्या उपनगरांत असे वर्ग भरतात. १९९० साली मुंबई शहरापासून उपनगरांचा जिल्हा वेगळा झाला. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे त्याचे तीन तालुके. घाटकोपर आणि मुलुंड हे भाग कुर्ला तालुक्यात येतात. नकाशावर हा जिल्हा लहानसा दिसतो, पण त्यात माणसे किती तऱ्हांची! कोकणातून बोटीने आलेल्यांची नातवंडे येथे आहेत. देशावरच्या दुष्काळाने गाव सोडावयास लावलेली कुटुंबे येथे आहेत. गिरगाव-परळच्या चाळींतील दोन खोल्या सोडून बोरिवलीस किंवा मुलुंडास आलेले सेवानिवृत्त कारकून येथे आहेत. घाटकोपरच्या डोंगरउतारावर एकावर एक रचल्यासारख्या वस्त्या आहेत आणि अंधेरीच्या कारखान्यांत दिवसपाळी-रातपाळी करणारे कामगार आहेत. या साऱ्यांचा कायद्याशी रोज संबंध येतो. भाड्याच्या खोलीचा करार, कारखान्यातील पगाराची चिठ्ठी, शिधापत्रिका, विजेचे देयक, गृहनिर्माण संस्थेची वर्गणी, या प्रत्येक कागदामागे कोणता ना कोणता कायदा उभा असतो. मासा जसा पाण्यात, तसा नागरिक कायद्यात राहतो. पण आपण पाण्यात आहोत हे माशाला कुठे ठाऊक असते?

या वर्गाला स्वतःची इमारत नसते. कधी महापालिकेच्या शाळेतील एखादी खोली, कधी बालवाडी, कधी गणेशोत्सव मंडळाचे कार्यालय, तर कधी गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील वाहनतळ, जेथे जागा मिळेल तेथे सतरंजी अंथरली की वर्ग सुरू होतो. वेळ बहुधा रविवारची. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून आलेला एखादा वकील किंवा एखाद्या न्यायाधीशबाई बोलावयास उभ्या राहतात. विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी मागे भिंतीशी माहितीपत्रके घेऊन बसलेले असतात. श्रोत्यांत बायकाच अधिक. कोणी भाजीची पिशवी शेजारी ठेवून बसते, कोणी मांडीवरच्या मुलाला थोपटीत ऐकते. पुरुष मंडळी आधी दाराशी घुटमळतात आणि आपल्या उपयोगाचे काही निघाले, म्हणजे हळूच आत येऊन बसतात.

वर्गातील पाठ पुस्तकी नसतात. बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या श्रोत्यांना नव्या घराची चिंता असते. त्यांना सांगितले जाते की, २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे घराचे मोजमाप चटई क्षेत्रावर व्हावयास हवे. चटई क्षेत्र म्हणजे घरातील प्रत्यक्ष वापरता येणारी जागा. बाहेरच्या भिंती आणि सज्जा तीत धरावयाचा नाही. विक्रीचा लेखी करार होऊन त्याची नोंदणी होण्यापूर्वी, घराच्या किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बांधणाऱ्याला घेता येत नाही. कामगारांच्या वस्तीत प्रश्न निराळे असतात. तेथे सांगितले जाते की, पोलीस ठाण्यात नोंदविलेल्या फिर्यादीची प्रत फिर्याद देणाऱ्याला विनामूल्य मिळते. आणि अटक झालेल्या मनुष्याला, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते. ही दुसरी गोष्ट तर प्रत्यक्ष संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदातच लिहिलेली आहे. ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर प्रथम अविश्वास दिसतो. ‘हे खरेच असे लिहिलेले आहे?’ असा प्रश्न कोणीतरी विचारतोच. मग वक्ता पुस्तक उघडून ते कलम वाचून दाखवितो आणि खोलीत क्षणभर शांतता पसरते.

अशा वर्गांना येणारी एक मावशी डोळ्यांपुढे आणावी. तिचे नाव काय, हे महत्त्वाचे नाही. तिच्यासारख्या पुष्कळ आहेत. घाटकोपरच्या उतारावर तिची खोली आहे. सकाळी चार घरची धुणीभांडी करून ती दुपारी परतते. तिचे शिक्षण दुसरीपर्यंतचे. सही करता येते, पण ती करताना हात कापतो. वस्तीचे पुनर्वसन व्हावयाचे, अशी बोलवा आहे. एके दिवशी बिल्डरचा माणूस म्हणवून घेणारा एक गृहस्थ दारोदार हिंडून जातो. त्याच्या हातात छापील कागदांचा गठ्ठा असतो. ‘आजच सही करा, उशीर केलात तर घर हातचे जाईल,’ असे तो सांगतो. मावशीचा नवरा सही करावयास निघतो. ती म्हणते, ‘उद्या करा. रविवार होऊ द्या.’

रविवारी ती वर्गात येते. घडी घालून घालून मऊ पडलेला तो कागद तिने पदराखाली धरलेला असतो. सगळ्यांचे प्रश्न संपेपर्यंत ती गप्प बसते आणि अखेरीस उठून म्हणते, ‘वकीलबाई, एवढा कागद बघता का? सही करायची की नाही, तेवढं सांगा.’

वकीलबाई कागद हाती घेतात. पण सही करा किंवा करू नका, असे त्या सांगत नाहीत. त्या विचारतात, ‘मावशी, यात काय लिहिलं आहे, ते तुम्हाला कोणी वाचून दाखवलं का?’

‘नाही बाई. घाईत होता तो माणूस.’

‘घाई त्याची आहे, तुमची नाही. कागद वाचून घेतल्याशिवाय सही करायची नाही. कोऱ्या जागा असलेल्या कागदावर तर मुळीच नाही. सही केलीत, तर तिच्याखाली तारीख घालायची आणि एक प्रत मागून घ्यायची. प्रत द्यायला जो कचरतो, त्याच्या कागदावर सही करायला आपणही कचरावं.’

सारी खोली हे ऐकत असते. कोणी मान डोलावते, कोणी शेजारणीच्या कानाशी लागते. मावशी मात्र बसत नाही. तिच्या मनात आणखी एक प्रश्न असतो. तो विचारावा की नाही, याचा ती बराच वेळ विचार करते. शेवटी ती म्हणते, ‘घर झालं, तर ते आमच्या मालकांच्या नावावर होईल ना? खोली त्यांच्याच नावावर आहे.’

‘दोघांच्याही नावावर,’ वकीलबाई म्हणतात. ‘झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांतच तसं लिहिलेलं आहे. नव्या घराची मालकी नवरा आणि बायको या दोघांची मिळून. संस्थेच्या भागपत्रावरही दोघांची नावं लागतात.’

‘माझंही?’

‘तुमचंही.’

मावशी खाली बसते. पुढे वर्ग चालू राहतो. पण त्यानंतर वकीलबाई काय बोलल्या, हे तिला विचारले तर सांगता येणार नाही. वीस-पंचवीस वर्षे ज्या खोलीत तिने चूल पेटविली, मुले वाढविली, पावसाळ्यात छपरावर ताडपत्री घातली, त्या खोलीला ती मनातून नवऱ्याची खोली म्हणत आली होती. आपण तेथे राहतो, एवढेच तिला ठाऊक होते; तेथल्या घरावर आपला हक्क पोचतो, हे कायद्याने लिहून ठेवले होते आणि तिच्यापर्यंत मात्र ते कोणी पोचविले नव्हते. न पोचलेले पत्र आणि न लिहिलेले पत्र यांत वाट पाहणाऱ्याच्या दृष्टीने कोणता फरक असतो?

हे वर्ग एका दिवसात उभे राहिलेले नाहीत. निरक्षर मनुष्य कचेरीत आणि सावकाराच्या ओटीवर कसा नाडला जातो, हे महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात १८८३ साली तळमळून सांगितले. अक्षरज्ञान नाही म्हणून लेखणीवाल्याची मर्जी सांभाळावी लागते, हे त्यांना दिसत होते. पुढे देश स्वतंत्र झाला. गरिबाला न्यायालयात कोणते साहाय्य देता येईल, याचा विचार करण्यासाठी तेव्हाच्या मुंबई सरकारने १९४९ साली न्यायमूर्ती नटवरलाल भगवती यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. पैशाच्या अभावी कोणासही न्याय नाकारला जाऊ नये आणि त्यासाठी राज्याने विनामूल्य कायदेविषयक साहाय्य द्यावे, हे तत्त्व संविधानात येण्यास मात्र १९७६ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने ३९-अ हा अनुच्छेद संविधानात आला.

दोनच वर्षांनी, १९७८ साली, महाराष्ट्रातील एका बंदिवानाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. त्याच्या अपिलाला काही वर्षांचा उशीर झाला होता. निकालाची प्रत आपल्या हाती पडलीच नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्याची मागणी न्यायालयाने फेटाळली. परंतु ती फेटाळताना न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सर्व बंदिवानांच्या उपयोगी पडेल असा दंडक घालून दिला. तुरुंगातील मनुष्याला निकालाची प्रत वेळेवर व विनामूल्य मिळाली पाहिजे आणि वकील देण्याची ऐपत नसेल, तर तो राज्याने दिला पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. एका मनुष्याचे गाऱ्हाणे निष्फळ ठरले, पण त्यातून हजारोंना आधार मिळाला.

त्याहून अधिक बोलके उदाहरण १९८३ सालचे आहे. शीला बारसे या पत्रकार महिलेने मुंबईच्या तुरुंगातील स्त्री-बंदिवानांच्या भेटी घेतल्या. पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाली, असे त्यांपैकी काहींनी तिला सांगितले. शीलाताईंनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले आणि न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले. १९४९ च्या समितीचे अध्यक्ष नटवरलाल भगवती यांचे पुत्र, न्यायमूर्ती प्रफुल्लचंद्र भगवती यांनी त्या प्रकरणात जे आदेश दिले, त्यांतील एक आदेश मराठी माणसाने विशेष ध्यानात ठेवावा असा आहे. अटक झालेल्या मनुष्याचे हक्क सांगणारे पत्रक मराठी, हिंदी आणि इंग्रजी या भाषांत छापावे, पोलीस कोठडीच्या प्रत्येक खोलीत ते लावावे आणि अटक झालेल्याला समजेल त्या भाषेत ते त्याला वाचून दाखवावे, असा तो आदेश होता. हक्क असून भागत नाही. तो ज्याचा आहे त्याच्या कानावर, त्याच्या भाषेत पडला पाहिजे, ही गोष्ट देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने येथे मान्य केली.

या साऱ्या प्रयत्नांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने निश्चित रूप दिले. हा कायदा १९९५ च्या नोव्हेंबरच्या ९ तारखेस अमलात आला. त्याने देशासाठी, राज्यांसाठी, जिल्ह्यांसाठी आणि तालुक्यांसाठी संस्था निर्माण केल्या. गरजूंना वकील देणे हे त्यांचे एक काम आणि लोकांत कायद्याच्या ज्ञानाचा प्रसार करणे हे दुसरे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील माणसे यांना या संस्थांकडून विनामूल्य वकील मिळू शकतो. स्त्रीच्या बाबतीत तर तिचे उत्पन्न किती, हेही पाहिले जात नाही. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास साहाय्य कोठे मिळेल, हे कळते. मावशीला हा क्रमांक आता पाठ आहे.

भाषेचा प्रश्न मात्र सर्वांत जुना आहे. शिवछत्रपतींनी स्वराज्य स्थापन केले, तेव्हा दरबारचा कारभार फारसी शब्दांनी गजबजलेला होता. रयतेला आपल्याच राज्याची भाषा समजू नये, हे महाराजांना रुचले नाही. त्यांच्या आज्ञेवरून ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला. त्यामागची दृष्टी आजही तितकीच ताजी आहे. न्यायालयाच्या दारात पाऊल टाकताच मुखत्यारपत्र, तहकुबी, जबाब, जामीन, कैफियत असे शब्द मनुष्याच्या अंगावर धावून येतात. कायद्याच्या वर्गात या शब्दांची भीती मोडली जाते. ‘तहकुबी म्हणजे काम पुढच्या तारखेवर जाणे, हरणे नव्हे,’ एवढे एक वाक्य कळले, तरी कितीतरी माणसांची रात्रीची झोप परत येते.

शिकलेला मनुष्य शिकविणारा झाला, म्हणजे ज्ञानाचा ओघ आटत नाही. विलेपार्ले येथे कार्यालय असलेली ‘मुंबई ग्राहक पंचायत’ ही संस्था १९७५ साली सुरू झाली. काही कुटुंबांनी एकत्र येऊन महिन्याचा किराणा घाऊक भावाने आणावा आणि आपसांत वाटून घ्यावा, असा तिचा साधा आरंभ होता. धान्य निवडता निवडता या गृहिणी आणि नोकरदार मंडळी कायदाही निवडून पाहू लागली. १९८६ साली ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला. फसविल्या गेलेल्या ग्राहकाला स्वतःची बाजू वकिलावाचून मांडता यावी, अशी त्याची योजना होती. तक्रार कशी लिहावी, पावती का जपून ठेवावी, कोणत्या मंचाकडे जावे, हे संस्थेचे कार्यकर्ते लोकांना समजावून देऊ लागले. वकील नसलेल्या प्रतिनिधीला ग्राहकाच्या वतीने उभे राहता येते की नाही, असा वाद पुढे मुंबईतूनच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तसे उभे राहता येते, असा निर्णय त्या न्यायालयाने २०११ साली दिला. शेजाऱ्याच्या अडचणीत शेजाऱ्याने उभे राहावे, हा चाळीतला जुना धर्म. त्यावर न्यायालयाचे शिक्कामोर्तब झाले. विधी सेवा प्राधिकरणांनीही २००९ पासून सामान्य नागरिकांतून विधी स्वयंसेवक निवडण्यास आरंभ केला. शिक्षक, अंगणवाडी सेविका, विद्यार्थी, असे लोक थोडे शिक्षण घेऊन आपापल्या वस्तीत कायद्याची माहिती देतात आणि गरजवंताला योग्य दार दाखवितात.

यावर काही विचारी माणसे आक्षेप घेतात. लोकांना कायदा शिकविला, तर घरोघरी भांडणे वाढतील, जो तो उठून शेजाऱ्यावर दावा लावील, असे त्यांना वाटते. ही भीती अगदीच निराधार नाही. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणारे लोक सर्वत्र असतात. म्हणूनच चांगल्या वर्गात हक्काबरोबर कर्तव्यही शिकविले जाते. म्हाताऱ्या वडिलांना घराबाहेर काढण्याची युक्ती विचारावयास आलेल्या मुलाला येथे २००७ चा कायदा ऐकावा लागतो. वृद्ध आईबापांचे पालनपोषण हे त्या कायद्याने मुलांचे बंधन ठरविलेले आहे. अठरा वर्षे पुरी न झालेल्या मुलाच्या हाती मोटारसायकल देणाऱ्या पालकाला येथे कळते की, मुलाच्या अपराधाची शिक्षा आपल्यालाही भोगावी लागेल. आणि भांडण मिटविण्याचा मार्गही येथेच सांगितला जातो. लोकन्यायालयात दोन्ही पक्षांच्या संमतीने तडजोड होते; तिला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते, तिच्यावर अपील नसते आणि चालू दाव्यात आधी भरलेले न्यायालयाचे शुल्कही परत मिळते. कायदा जाणणारा मनुष्य भांडखोर होतोच, असे नाही. उलट आपली बाजू कोठे दुबळी आहे, हेही त्याला कळते आणि तो वेळीच हात पुढे करतो.

या वर्गांनी सर्व दुःखे दूर होतात, असेही कोणी समजू नये. न्यायालयांतील दिरंगाई वर्गात बसून संपत नाही. पुस्तकातील कलम आणि कचेरीतील अनुभव यांत पुष्कळदा अंतर पडते. हक्क माहीत असूनही तो पदरात पडण्यासाठी झगडावे लागते, वाट पाहावी लागते. पण अंधारात ठेचकाळणाऱ्याच्या हाती दिवा दिला, तर वाटेतील दगड नाहीसे होत नाहीत. ते दिसू लागतात, एवढेच. आणि दगड दिसला, म्हणजे तो टाळावा की उचलून बाजूला ठेवावा, हे चालणाऱ्याला ठरविता येते.

वर्ग संपतो. सतरंजीची गुंडाळी होते. मावशी उतारावरची पायवाट चढून घरी येते. तिची धाकटी मुलगी सातवीत शिकते. मावशी तिला हाक मारते, तो कागद तिच्या पुढ्यात ठेवते आणि म्हणते, ‘हे वाच. मोठ्यानं वाच. बाबांनाही ऐकू दे.’

मुलगी वाचू लागते. मध्येच एखादा अवघड शब्द आला की ती अडखळते, पुन्हा मागे जाऊन वाक्य जुळविते. बाप भिंतीला टेकून ऐकत असतो. पहिल्या पानाच्या शेवटी ती थांबते. ‘आई, इथं मालकाचं नाव लिहायला एकच रेघ आहे,’ ती म्हणते.

‘मग त्या माणसाला सांगू, दुसरी रेघ ओढून आण,’ मावशी म्हणते. नवरा तिच्याकडे पाहतो. तो काही बोलत नाही. पण खिशाला लावलेले पेन काढून तो फळीवर ठेवून देतो. त्या दिवशी त्या घरात सही होत नाही.

शाळेत शिकलेली अक्षरे अशा रीतीने घराच्या उपयोगी पडतात. शहाण्या माणसाने कोर्टाची पायरी चढू नये, असे वाडवडील सांगत आले. त्यांचे सांगणे आजही खोटे नाही. ते पुरे करून घेतले पाहिजे, इतकेच. सही करण्यापूर्वी जो कागद वाचतो, त्याला ती पायरी चढण्याची वेळ सहसा येत नाही. आणि आलीच, तर तो ती ताठ मानेने चढतो.